हा झांगच्या डोंगरगावांतून चार दिवस: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

व्हिएतनामच्या उत्तर टोकाला, चीनच्या सीमेला लागून डोंग वानचं चुनखडीचं पठार आहे. २०१० साली युनेस्कोनं त्याला भूवारसा उद्यानाचा दर्जा दिला, व्हिएतनाममधला पहिलाच. हनोईपासून सुमारे ३०० किलोमीटरवर हा झांग शहर लागतं (रोमन लिपीत त्याचं नाव 'गियांग' असं वाचलं जाईल, घाबरू नका). तिथून साधारण साडेतीनशे किलोमीटरची डोंगरफेरी सुरू होते आणि फिरून तिथेच संपते. ही फेरी मोटरसायकलची सफर म्हणून गाजली आहे, त्यामुळे नवखा माणूस आधी गाडीचा विचार करतो, मग घाटांचा आणि उरलंच तर गावांचा. हा क्रम उलटा लावावा असं माझं मत आहे. घाट रस्त्यावरच आहेत, ते कुणालाही दिसतात. गावातलं घर मात्र वाटाड्याच्या ओळखीनंच उघडतं. म्हणून वाटाड्या कोण आणि रात्री मुक्काम कुठे, या दोन गोष्टींवर घरी बसून वेळ घालवा.

एक गोंधळ आधीच दूर करतो. १ जुलै २०२५ पासून हा झांग प्रांत शेजारच्या तुयेन क्वांग प्रांतात विलीन झाला आणि जिल्हा हा स्तरच रद्द झाला. नकाशावर किंवा बुकिंगच्या पावतीवर 'तुयेन क्वांग' दिसेल. त्याच नावाचं शहर मात्र हा झांगच्या बरंच अलीकडे, हनोईच्या वाटेवर आहे. तिकीट घेताना शेवटचा थांबा हा झांग शहरच आहे ना, ते विचारून घ्या.

महिना आणि वार

सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. आधी पिकलेला भात दिसतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पठारावर कुट्टूची गुलाबी फुलं येतात. मार्च-एप्रिलही बरा. जून ते सप्टेंबर हा पावसाचा आणि दरडींचा काळ. जुलै २०२४ मध्ये हा झांग प्रांतात प्रवासी गाडीवर दरड कोसळून माणसं दगावली, आणि त्याच सप्टेंबरात यागी वादळानं अख्ख्या उत्तर व्हिएतनामची दैना केली. सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेकची सवय असली तरी इथे पावसाळ्यात पहिल्या फेरीला जाऊ नका. डिसेंबर-जानेवारीत पठारावर कडक थंडी आणि दाट धुकं असतं. कधी कधी दिवसभर घाटात समोरची गाडीसुद्धा दिसत नाही. तेत, म्हणजे चांद्र नववर्षाच्या आठवड्यात बरीच घरं पाहुणे घेत नाहीत. ३० एप्रिल-१ मे आणि २ सप्टेंबर या सुट्ट्यांना हनोईकर गाड्या भरभरून इथे येतात, तेही दिवस टाळा.

वाराकडे मात्र फार कुणी लक्ष देत नाही, आणि फरक तिथेच पडतो. डोंग वान आणि मेओ वाक या दोन्ही गावांचा मोठा बाजार रविवारी भरतो. गुरुवारी रात्री हा झांगला पोहोचा आणि शुक्रवारी सकाळी निघा. मग शनिवारची रात्र डोंग वानला पडते, रविवारी पहाटे बाजार पायाशी असतो आणि दुपारी मेओ वाकच्या बाजाराचा उरलेला भागही पदरात पडतो. आसपासची ह्मोंग, लोलो, झाओ, ताय माणसं डोंगर उतरून येतात. कुणी दोरीला डुक्कर बांधून, कुणी पाठीवरच्या करंडीत कोंबड्या घेऊन. सा फिनसारखे काही बाजार आठवड्याच्या वाराप्रमाणे भरतच नाहीत. ते बारा प्राण्यांच्या जुन्या दिनगणनेप्रमाणे दर सहा दिवसांनी भरतात, म्हणून प्रत्येक आठवड्यात एकेक वार मागे सरकतात. तुमच्या तारखांना कुठला बाजार सापडतो, हे वाटाड्याला आधीच विचारा. त्याला हे तोंडपाठ असेल तर माणूस बरोबर निवडला असं समजा.

कागदपत्रं आणि पैसे

भारतीय पासपोर्टवर व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो. एका प्रवेशाचं शुल्क २५ डॉलर आणि मुदत ९० दिवसांपर्यंत. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी दलालांची पानं खूप आहेत आणि ती दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट व्हीएन' आहे का, ते बघा. अर्जातलं नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच क्रमानं लिहा. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी असतं कधी नसतं, आणि नेमकी तिथेच गडबड होते.

सीमाभागात परदेशी प्रवाशांसाठी वेगळ्या परवान्याची पद्धत आहे. तो सहल नेणारेच काढून देतात. दरात धरला आहे का, एवढं विचारा. पासपोर्ट हनोईच्या हॉटेलात ठेवून येऊ नका. प्रत्येक मुक्कामी यजमान त्याची नोंद पोलिसांकडे करतात.

हा झांग, येन मिन्ह, डोंग वान आणि मेओ वाकला एटीएम आहेत, छोट्या गावांत नाहीत. डोंग या व्हिएतनामी चलनाच्या नोटांवर शून्यं भरपूर, आणि २० हजारांची नोट व ५ लाखांची नोट दोन्ही निळसर. संध्याकाळच्या अंधारात हाताला येईल ती नोट काढून देऊ नका. ५ लाखांच्या नोटा पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवा. सिमकार्ड घ्यायचं तर व्हिएटेलचं घ्या, डोंगरात तेच चांगलं चालतं.

गाडी कोण चालवणार

पर्याय तीन: स्वतः चालवणं, स्थानिक स्वाराच्या मागे बसून जाणं, किंवा चारचाकी. घरात ज्येष्ठ किंवा लहान मुलं असतील तर चारचाकी घ्या, त्यात कमीपणा काही नाही. बाकी सगळ्यांनी, वीस वर्षं बुलेट चालवलेली असली तरी, मागे बसून जावं.

कारण साधं आहे. व्हिएतनाम १९६८ च्या वाहतूक कराराप्रमाणे दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना मानतो. तुमच्या आरटीओनं दिलेल्या पुस्तिकेवर कुठल्या कराराचं वर्ष छापलं आहे ते पाहा. १९४९ असेल तर तो कागद इथे उपयोगाचा नाही. परवाना चालत नसेल तर पोलिसांचा दंड ही किरकोळ गोष्ट. अपघात झाला तर प्रवासविमा हात वर करतो, ही मोठी. भाड्यानं गाडी देणारा 'काही लागत नाही' म्हणेल. त्याचं काही लागत नाही, हे खरंच. शिवाय तिथे वाहनं उजव्या बाजूनं चालतात. सरळ रस्त्यावर ते अंगवळणी पडतं, पण घाटातल्या आंधळ्या वळणावर समोरून ट्रक आला की हात जुन्या सवयीनं गाडी डावीकडे घेतात.

विमा काढताना 'मोटरसायकलवर मागे बसलेला प्रवासी' धरला आहे का, हे कंपनीला लेखी विचारा. मोठ्या दुखापतीसाठी शेवटी हनोईच गाठावी लागते.

वाटाड्या निवडताना

हा झांग शहरात आणि हनोईच्या जुन्या पेठेत सहल विकणाऱ्यांची रांग आहे. स्वार, मुक्काम आणि जेवण धरून चार दिवसांचे माणशी साधारण २०० ते ३०० अमेरिकी डॉलर पडतात. दरात फार फरक नसतो, सहलीच्या जातीत असतो. एका प्रकारात वीस-तीस गाड्यांचा ताफा निघतो, रात्री ध्वनिक्षेपक लावून गाणी आणि सकाळी सगळे अर्धवट झोपेत. ज्यांना ते हवं त्यांनी खुशाल जावं. पण असा ताफा ज्या गावात उतरतो तिथे त्या रात्री गाव उरत नाही. तुम्हाला सहा-आठ गाड्यांच्या आतला गट हवा.

पैसे भरण्याआधी हे प्रश्न विचारा, आणि उत्तर संदेशातूनच घ्या म्हणजे नंतर दाखवता येतं. गटात जास्तीत जास्त किती गाड्या? स्वार कुठल्या गावचा, कुठल्या समाजाचा? व्हिएतनामीशिवाय कुठली भाषा येते? (डोंगरातल्या म्हाताऱ्या बायांना व्हिएतनामी जेमतेम येतं, तिथे ह्मोंग बोलणारा माणूस सोन्याच्या मोलाचा.) तिन्ही रात्रींच्या मुक्कामाची गावं कोणती? दरड पडली तर पर्यायी वाट कुठली, आणि एखादा दिवस बुडाला तर पैशाचं काय? हेल्मेट हनुवटीपर्यंत झाकणारं आहे की नुसती टोपी?

आणखी एक प्रश्न विचारायला संकोच वाटतो, तरी विचारा: स्वार रात्री पितो का? व्हिएतनाममध्ये २०२० पासून वाहनचालकाच्या श्वासात मद्याचा अंशही चालत नाही, आणि डोंगरातल्या जेवणात मक्याची दारू पाण्यासारखी फिरते. सकाळी स्वाराचे डोळे लाल दिसले, तर गटप्रमुखाला सांगून स्वार बदलून घ्या किंवा उशिरा निघा. यात भीड बाळगायची नाही.

सामान आणि मागे बसण्याची रीत

मोठी बॅग हा झांगच्या हॉटेलात किंवा सहलवाल्यांकडे ठेवा. बरोबर २०-२५ लिटरची सॅक पुरे. स्वार ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रबरी पट्ट्यांनी मागे बांधतो, त्यामुळे दिवसभर ती उघडता येणार नाही हे धरून चाला. पाणी, औषधं, पैसे, पासपोर्ट छोट्या पिशवीत अंगावर. वारा अडवणारं जाकीट नोव्हेंबरपासून लागतंच. पूर्ण पँट आणि बंद बूट. चपलांवर बसू नका. रेनकोट दोन भागांचा घ्या, पोंचो वाऱ्यानं फुगून चाकाकडे जातो.

गाडीवर डावीकडूनच चढा आणि उतरा. उजवीकडे सायलेन्सर असतो आणि पोटरी भाजलेले प्रवासी इथे रोज दिसतात. वळणावर स्वार जिकडे झुकेल तिकडे अंग सैल सोडा; उलट्या बाजूला ताठ बसलात तर त्याला गाडी सावरणं अवघड जातं. थांबायचं असेल तर खांद्यावर दोनदा थोपटायचं, हे निघण्याआधीच ठरवा. पाठ अवघडली, फोटो हवा, लघवीला जायचं आहे, कशासाठीही थोपटा. स्वाराला त्याची सवय असते.

वाट: दिवसागणिक

हनोईहून हा झांगला बसनं सहा-सात तास लागतात. झोपायच्या बसमध्ये चढतानाच बूट काढून पिशवीत ठेवायचे असतात. 'लिमोझीन' नावानं विकतात ती नऊ-अकरा आसनी बरी व्हॅन असते, लांबलचक गाडी नव्हे. रात्रीची बस पहाटे तीन-चारला आणून सोडते आणि आठला सहल निघते; हा हिशोब टाळा, दिवसाच्या बसनं या आणि आदल्या रात्री नीट झोपा.

*पहिला दिवस, येन मिन्हपर्यंत, सुमारे १०० किलोमीटर.* बाक सुमचा घाट चढून क्वान बाला पोहोचता. इथे सपाट खोऱ्यात दोन गोल टेकड्या शेजारीशेजारी उभ्या आहेत, सगळे तिथे फोटो काढतात, तुम्हीही काढा. खरा थांबा त्यापुढचा, लुंग ताम. या ह्मोंग गावात बायका भांगेच्या ताटाच्या सालीपासून कापड विणतात. साल सोलायची, तंतू बोटांनी जोडत जायचं (चालताना, गप्पा मारताना हात चालूच असतात), पायानं फिरवायच्या चरख्यावर पीळ द्यायचा, राखेच्या पाण्यात उकळायचं. मग विणलेलं कापड लाकडी ओंडक्यावर घालून वर दगड ठेवायचा आणि त्यावर उभं राहून डावीकडे-उजवीकडे डोलत ते गुळगुळीत करायचं. शेवटी मेणाची नक्षी आणि नीळ. इथे तासभर द्या. काही विकत घ्यायचं असेल तर इथेच घ्या. पुढे घाटातल्या टपऱ्यांवरचं बरंचसं कापड यंत्रावरचं असतं.

*दुसरा दिवस, डोंग वानपर्यंत.* हाच दिवस सगळ्यात भरगच्च. येन मिन्हची पाइनची झाडी संपली की काळ्या दगडाचं पठार सुरू होतं. रस्त्याकडेला नीट बघा: दगडांच्या फटीफटीत मक्याची एकेकटी ताटं उभी दिसतील. ह्मोंग लोक खालून करंडीनं माती वाहून आणतात, दगडातल्या खळग्यात भरतात आणि तिथे दाणा टोचतात. तुमच्या ताटातला मका असा आलेला असतो.

थाम मा घाटाच्या माथ्यावर पाठीवर फुलांच्या करंड्या घेतलेली लहान मुलं फोटोसाठी उभी असतील. पैसे किंवा चॉकलेट देऊ नका. ती कमाई सुरू झाली की शाळा सुटते, आणि घाटाच्या वळणावर गाड्यांमागे धावणं धोक्याचं आहे ते वेगळंच. पुढे सा फिनला वुओंग घराण्याचा वाडा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ह्मोंगांचा प्रमुख वुओंग चिन्ह डुक यानं तो बांधला, पैसा अफूच्या व्यापाराचा. खांबांच्या दगडी बैठकी अफूच्या बोंडाच्या आकाराच्या आहेत. वाटाड्यानं दाखवल्या नाहीत तर विचारा. वाड्याच्या ६४ खोल्या एकेक करून बघण्यात मात्र वेळ घालवू नका.

लुंग कूचा ध्वजस्तंभ उत्तर टोकाजवळ आहे. वरचा झेंडा ५४ चौरस मीटरचा, देशातल्या ५४ समाजांसाठी. त्याच्या पायथ्याशी लोलो चाय हे मातीच्या भिंतींचं लोलो लोकांचं गाव आहे. ते आता फार नावाजलं आहे आणि तिथे कॉफीची दुकानंही झाली आहेत. बाजार हुकणार असेल तर रात्र इथे काढा, नाहीतर डोंग वान गाठा.

*तिसरा दिवस, झू झापर्यंत.* पहाटे बाजार, मग मा पी लेंगचा घाट. हा झांग ते मेओ वाक या सुमारे १८५ किलोमीटरच्या रस्त्याला 'आनंदाचा रस्ता' म्हणतात. १९५९ ते १९६५ या काळात डोंगरातल्या अनेक समाजांच्या तरुण पोरापोरींनी तो बहुतेक हातानंच खोदला. मा पी लेंगच्या कड्याचा तुकडा दोरानं लटकून, छिन्नी-हातोड्यानं फोडावा लागला. तेवढ्यालाच सुमारे ११ महिने गेले. खाली न्यो क्वे नदी हिरवीगार दिसते. नदीत होडीनं फिरायचं असेल तर सकाळी लवकर उतरा. धक्क्यापर्यंतची उताराची वाट अरुंद आणि वाईट आहे. तिथे स्थानिक दुचाकीवाले नेतात. कड्याच्या टोकाला बाहेर आलेल्या खडकावर बसून फोटो काढायची टूम आहे. तुम्ही काढू नका.

मेओ वाकहून झू झापर्यंत वाट लांब आहे, काही ठिकाणी रस्ता उखडलेला. अंधार पडायच्या आत पोहोचायचं हे वाटाड्याशी सकाळीच पक्कं करा, म्हणजे होडी की बाजार हा निर्णय वेळेत होतो. माझं मत बाजाराला.

*चौथा दिवस.* झू झाच्या धबधब्यात डुबकी, भाताच्या बांधांवरून तासभर पायी फिरणं, मग दुपारपर्यंत हा झांग. दिवस सोपा आहे.

मुक्कामाच्या घरी

झू झाला ताय लोकांच्या खांबांवरच्या लाकडी घरात राहाल. वरच्या मजल्यावर जमिनीवर गाद्या, मध्ये पडदा, स्नानगृह खाली. पायऱ्यांशी बूट काढायचे. समोरच्या भिंतीशी पूर्वजांचा देव्हारा असतो. त्याच्याकडे पाय करून झोपू नका आणि त्यावर फोन, पिशवी काही ठेवू नका. आपल्या माणसांना हे सांगायची गरज खरं तर पडू नये. ह्मोंग घराच्या दारावर ताजी हिरवी फांदी लावलेली दिसली तर आत जाऊ नका; आत बाळंतपण किंवा विधी असू शकतो.

चुलीपाशी बसायला बोलावलं तर जा. भाजी निवडायला, पान पुसायला हात लावला की भाषा येत नसल्याचं कुणाला फारसं जाणवत नाही. 'सिन चाओ' म्हणजे नमस्कार, 'काम ओन' म्हणजे आभार. फोटोआधी कॅमेरा दाखवून नजरेनंच विचारा. म्हाताऱ्या बाईनं मान वळवली तर ते नाहीच.

जेवताना यजमान मक्याच्या दारूचे छोटे पेले भरतो. 'मोत, हाय, बा, झो!' असं म्हणून सगळे एकदम पितात आणि नंतर हात मिळवतात. नको असेल तर पहिल्याच पेल्याला छातीवर हात ठेवून हसून नाही म्हणा आणि पाण्याचा पेला उचला. एक घेऊन दुसऱ्याला नाही म्हणणं फार अवघड जातं.

शाकाहारी असाल तर

उपाशी राहणार नाही, पण आधी सांगावं लागेल. 'तोय आन चाय' म्हणजे मी शाकाहारी. बौद्ध प्रथेमुळे 'चाय' हा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. अडचण दोन गोष्टींची: माशाचं पाणी, म्हणजे 'नुओक माम', आणि डुकराची चरबी, जिच्यात डोंगरात भाज्या परततात. सोपा उपाय म्हणजे भाजी 'लुओक', म्हणजे नुसती उकडलेली, मागायची आणि मीठ-मिरची वेगळी. मोहरीचा कडसर पाला, टोफू, खारे शेंगदाणे, भात, चालत असेल तर अंडं, एवढं बहुतेक घरी मिळतं. मक्याचा भरडा वाफवून केलेला 'मेन मेन' हे ह्मोंगांचं रोजचं अन्न. कोरडं लागतं, भाजीच्या पाण्यात कालवून खा. रस्त्यात कुट्टूच्या पिठाची करड्या-जांभळ्या रंगाची जाड भाकरी गरम मिळते, तीही घ्या. फो, म्हणजे तांदळाच्या शेवयांचं सूप, त्याचं पाणी हाडांचं असतं; 'भाज्यांचा फो' म्हटलं तरी विचारून घ्या. दशम्या, चिवडा, शेंगदाण्याची चटणी न्या, पण जेवायच्या पंगतीत आपला डबा उघडू नका; यजमानीणबाई कष्टानं रांधतात आणि न जेवलेल्या पाहुण्याचं त्यांना वाईट वाटतं.

मांसाहारी असाल तर बाजारात मोठ्या कढईत 'थांग को' उकळताना दिसेल. घोड्याचं मांस आणि आतडी एकत्र शिजवलेली असतात. वास उग्र. आधी चमचाभरच मागा.

परतताना

स्वाराला बक्षिशी द्यायची असेल तर त्याच्या हातात द्या, कचेरीत नको. त्याचा फोन नंबर घेऊन ठेवा. पुढच्या वेळी तुम्ही किंवा तुमचे मित्र त्याला थेट बोलावू शकता, आणि मधल्या दलालीचा भाग त्याला मिळतो. चौथ्या दिवशी संध्याकाळची हनोईची बस मिळते, पण त्याच रात्रीचं मुंबईचं विमान धरू नका. दरड, पाऊस किंवा पंक्चर यातलं एक जरी आलं तरी ते चुकेल. मध्ये हनोईत एक रात्र ठेवा आणि बस हा झांगहून सुटली की हॉटेलवाल्याला कळवून ठेवा, कारण जुन्या पेठेतली बरीच छोटी हॉटेलं मध्यरात्रीनंतर शटर ओढून घेतात.